दुखण्याची वर्गणी

सरकारनें विम्याच्या हप्त्याचा कांहीं भाग आपल्या पदरचा घातला, तर उरलेला भाग भरून कुटुंबानें आजारपणाचा विमा उतरावा, कीं तो पैसा घरांतच ठेवून वेळ येईल तेव्हां पाहूं असें म्हणावें, हा प्रश्न अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कित्येक घरांत रात्रीं जेवणें झाल्यावर निघतो. घरांतील वडील माणूस म्हणतो, गेल्या तीन वर्षांत कोणीं अंथरूण धरलें नाहीं, मग एवढे पैसे पाण्यांत कशाला घालावयाचे? सून म्हणते, पण उद्यां कोणी पडलें तर? दोघांचेंहि म्हणणें खरें असतें, म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. श्रोतेहो, ह्या वादांत मी एकदम न्यायाधीश होऊन बसणार नाहीं. हा प्रश्न आपल्या शहराला केव्हां पडला, तो कोणीं कसा सोडविला आणि त्यांतलें कोणतें उत्तर टिकलें, हें अगोदर सांगतों. कारण मुंबईनें ह्या प्रश्नाचीं चार-पांच निरनिराळीं उत्तरें करून पाहिलीं आहेत, आणि बोटांवर हिशेब करणाऱ्यास त्यांची माहिती असलेली बरी.

आजाराचा विमा हा शब्दहि ज्या काळीं कानांवर पडत नसे, त्या काळीं दुखणें भागविण्याचीं साधनें तीन होतीं : घरांतला दागिना, सावकार आणि जातभाई. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां ज्यांना शक्य होतें तीं कुटुंबें शहर सोडून साष्टींतील मोकळ्या गांवांकडे निघालीं. आपलीं उपनगरें वाढण्यास जीं कारणें झालीं त्यांत ती पळापळ हें एक होय. तेथें हवा मोकळी मिळाली, परंतु वैद्य, औषध आणि बुडालेली मजुरी ह्यांचा भार ज्याचा त्याच्याच शिरावर राहिला. पुढें पांढरपेशा समाजांनीं आपापल्या सहकारी पतपेढ्या काढल्या. १९०६ सालीं रावबहादुर तळमकी ह्यांच्या पुढाकारानें शामराव विठ्ठल पतपेढी निघाली, आणि १९१८ च्या सप्टेंबरांत सारस्वतांची संस्था निघाली. ह्या दुसऱ्या संस्थेचे मूळ हेतु पाहण्यासारखे आहेत : घरचें लग्नकार्य, जुन्या कर्जाची फेड आणि औषधोपचाराचा खर्च, अशा प्रसंगीं सभासदाला तात्पुरतें साहाय्य करणें. त्याच वर्षीं इन्फ्लुएंझाच्या साथीनें मुंबईंत घरेंच्या घरें आडवीं केलीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या तिसऱ्या हेतूचें वजन कळतें. परंतु पतपेढी देते तें कर्ज. ताप उतरतो, माणूस कामावर जाऊं लागतो, आणि हप्ते मात्र पुढें दोन वर्षें चालू राहतात. विम्याचें उलट आहे : पैसे आधीं जातात आणि दुखणें मागून येतें, किंवा येतच नाहीं.

मुंबईंत आणखी एक सोय होती, जी खेड्यांत नव्हती. १८४५ चें जे. जे., १९२१ चें नायर, १९२६ चें परळचें के. ई. एम., १९४७ चें शीवचें, अशीं मोठीं रुग्णालयें शहरांत उभीं राहिलीं. अंधेरी आणि घाटकोपर १९५० सालीं, व बोरिवली आणि मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलीं, आणि मग राजावाडी, कूपर, भगवती, अगरवाल हीं नांवें इकडच्या घरांत तोंडपाठ झालीं. हें मुद्दाम सांगतों, कारण मुंबईकर जेव्हां ‘आम्हांला विमा नको’ म्हणतो, तेव्हां तो अगदींच उघड्यावर उभा नसतो. म्युनिसिपालिटीचें रुग्णालय त्याच्या पाठीशीं असतें. तोहि एका अर्थीं विमाच. फक्त त्याचा हप्ता करांतून, आणि २०१७ पर्यंत तर मोठ्या प्रमाणांत जकातींतून, न कळत भरलेला असतो. विम्यावांचून राहण्याची हिंमत ह्या शहराला झाली ती ह्या रुग्णालयांच्या जिवावर.

खऱ्या अर्थानें आजाराचा विमा सुरू झाला तो जर्मनींत, १८८३ सालीं, बिस्मार्कच्या कायद्यानें. इंग्लंडांत लॉइड जॉर्ज ह्यांनीं १९११ सालीं तो आणिला. कामगारानें आठवड्याला चार पेन्स द्यावे, मालकानें तीन आणि सरकारनें दोन. म्हणजे चार पेन्सांत नऊ पेन्सांचा माल, असें त्यांचें सांगणें होतें. सवलतीच्या विम्याची ह्याहून सोपी जाहिरात पुढें कोणास साधली असेल असें मला वाटत नाहीं! तरीहि लोक खूष झाले नाहींत. विम्याचीं तिकिटें जिभेनें ओलीं करून चिकटविणें हा आपला अपमान आहे, म्हणून लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें मालकिणी आणि मोलकरणी ह्यांची एकत्र निषेधसभा भरली होती. आठवड्याच्या मिळकतींतून चार पेन्स कापले जातात तें त्या दिवशींच दिसतें. नऊ पेन्सांचें मोल आजारी पडल्यावर कळतें. हा अडथळा लंडनला आला तसाच तो पुढें भांडुपला आला.

आपल्याकडे मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशननें १९३१ सालीं आजारविम्याचा विषय काढला होता, पण त्याला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धांत. १९४३ सालीं प्राध्यापक बी. पी. आदारकर ह्यांजकडे योजना आखण्याचें काम सोंपविण्यांत आलें आणि १९४४ सालीं त्यांचा अहवाल तयार झाला. त्यांचें मत स्पष्ट होतें : विमा सक्तीचा असावा, आणि त्याची वर्गणी मालक व कामगार दोघांनीं भरावी. लगेच १९४६ सालीं सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीचा अहवाल आला. पैसे नाहींत म्हणून कोणासहि उपचारावांचून परत जावें लागूं नये, हें त्या समितीचें सूत्र. आणि त्यासाठीं सरकारनेंच गांवोगांव दवाखाने चालवावे, अशी तिची दिशा. दोन वर्षांच्या अंतरानें देशापुढें दोन वाटा आल्या. एक वर्गणीची, दुसरी कराची. आजतागायत आपण एक पाय ह्या वाटेवर आणि एक त्या वाटेवर ठेवून चाललों आहों.

आदारकरांच्या वाटेनें १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें कानपुरास योजनेचें उद्घाटन झालें, आणि १९५४ सालीं ती मुंबईंत आली. वीस किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या बारमाही कारखान्यांना ती लागू होती. मुंबईनें एक शहाणपण केलें : सगळे दवाखाने सरकारी न काढतां वस्तींतल्या खासगी डॉक्टरांची यादी केली आणि त्यांतला आपल्या पसंतीचा डॉक्टर कामगारानें निवडावा, अशी सोय ठेविली. १९५८ पासून उपचाराचा लाभ कुटुंबांतील माणसांपर्यंत नेण्यास आरंभ झाला. आमच्या उपनगरांतून आग्रा रोडच्या दोन्ही अंगांस, मरोळला आणि कांदिवलीकडे कारखाने वाढत गेले, तशीं मुलुंड, कांदिवली व मरोळ येथें ह्या योजनेचीं रुग्णालयें झालीं.

मी ज्या शाळेंत शिकविलें तेथील पुष्कळ मुलांचे बाप ह्या कारखान्यांत होते. पगारांतून विम्याचे पैसे कापतात आणि दवाखान्यांत रांगेंत उभें करतात, अशी कुरकुर मीं वर्षानुवर्षें ऐकिली आहे. ती खोटी नव्हती. पण कामगार आजारी पडून घरीं बसला म्हणजे त्याला मजुरीचा कांहीं भाग रोख मिळे, हें त्या कुरकुरींत येत नसे. आजच्या नियमानें तो भाग मजुरीच्या शेंकडा ७० इतका असून वर्षांत ९१ दिवसांपर्यंत मिळतो. दुखण्याचा खर्च म्हणजे डॉक्टरचें बिल, असें आपण पांढरपेशे लोक समजतों. मजुराच्या घरीं त्याहून मोठा खर्च म्हणजे न आलेली मजुरी.

सक्ति कां, हें थोडें उलगडून सांगतों, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली तेथें आहे. समजा, चाळींतल्या शंभर बिऱ्हाडांनीं एक दुखणेंफंड काढला आणि येणें-न-येणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोंपविलें. ज्याच्या घरीं दमेकरी म्हातारा आहे तो पहिल्या दिवशीं पैसे भरील. ज्याच्या घरीं सगळे धडधाकट आहेत तो म्हणेल, पुढच्या वर्षीं पाहूं. फंडांत दुखणाईतच अधिक झाले म्हणजे वर्गणी वाढवावी लागते. वर्गणी वाढली कीं उरलेल्यांतले निरोगी बाहेर पडतात, आणि ती पुन्हां वाढते. दोन-तीन वर्षांत फंडाच्या पेटींत चिटणिसाच्या वहीखेरीज कांहीं उरत नाहीं. आदारकरांची योजना सात दशकें ओलांडून चालत आली, त्याचें मुख्य कारण हें कीं तिनें धडधाकट माणसाला ‘पुढच्या वर्षीं’ म्हणूं दिलें नाहीं.

पण तिची वर्गणी नोकरीला बांधलेली होती, आणि नोकरी गेली कीं ती तुटे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीसंप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे स्वतः वैद्यकीचे पदवीधर, घाटकोपरच्या पंतनगरांत दवाखाना चालविणारे. सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले आणि त्यांतले हजारों पुन्हां कधींच कामावर घेतले गेले नाहींत. कांहीं महिने मागच्या वर्गणीच्या जोरावर उपचार मिळतो, मग तोहि थांबतो. त्यानंतरच्या वीस वर्षांत आग्रा रोडवरचे कारखानेहि एकामागून एक बंद पडले व तेथें उंच इमारती आल्या. बापाची नोकरी गेली, त्याच घरांत चिंता, व्यसन आणि क्षय शिरले, आणि नेमका त्याच वेळीं विमा नव्हता. दुसऱ्या टोकाला, पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला कीं माणूस योजनेबाहेर जातो. ही मर्यादा १९४८ सालीं महिना ४०० रुपये होती. २०१७ च्या जानेवारीपासून ती २१,००० रुपये करण्यांत आली.

राहिलेल्यांचें काय? त्यांच्यासाठीं मर्जीचा विमा आला. १९८६ सालीं सरकारी विमा कंपन्यांनीं मेडिक्लेम काढला. तो आमच्यासारख्या पगारदारांचा. १९९६ सालीं वर्षाला ७० रुपयांपासून हप्ता असलेली आणि ५,००० रुपयांचें संरक्षण देणारी जन आरोग्य पॉलिसी आली. आणि २००३ सालीं आली ती सार्वत्रिक आरोग्य विमा योजना. आजच्या आपल्या प्रश्नाचें हें अगदीं नेमकें उदाहरण होय, म्हणून येथें थोडा थांबतों. एकट्या माणसास दिवसाला १ रुपया, म्हणजे वर्षाचे ३६५. पांच माणसांच्या कुटुंबास दिवसाला दीड रुपया, वर्षाचे ५४८. सात माणसांस दिवसाला २ रुपये, वर्षाचे ७३०. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबास सरकारकडून वर्षाला १०० रुपयांची सवलत. त्या बदल्यांत रुग्णालयांत राहून घेतलेल्या उपचारासाठीं कुटुंबास ३०,००० रुपयांपर्यंत, आणि मिळवतें माणूस रुग्णालयांत असल्यास कांहीं अटींवर दिवसाला ५० रुपयेप्रमाणें १५ दिवसांपर्यंत मजुरीची भरपाई. गिऱ्हाईक फारसें आलें नाहीं. तेव्हां २००४ सालीं ती योजना केवळ गरिबांपुरती करून सवलत वाढविण्यांत आली : ५४८ पैकीं ३०० सरकार देणार, कुटुंबानें २४८ भरावयाचे. तरीहि ती रुजली नाहीं.

कां रुजली नाहीं, ह्यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें असेल. मला तें एका बाईच्या तोंडून कळलें. ही माझ्या वर्गांतील एका मुलाची आई. चार घरचीं धुणीं-भांडीं करी, नवरा गवंड्याच्या हाताखालीं. त्या २४८ रुपयांचा कागद घेऊन ती शाळेंत आली आणि म्हणाली, “गुरुजी, वर्षभर कोणी आजारी पडलें नाहीं तर पैसे परत मिळतात का?” मीं नाहीं म्हणून सांगितलें. “मग मी भिशींतच टाकतें. तिथें निदान माझा नंबर लागतो.”

भिशीचा हिशेब तिला पक्का ठाऊक होता, आणि त्या हिशेबानें तिचें चुकलें नव्हतें. भिशींत प्रत्येकाचा नंबर लागतो. किंबहुना लागलाच पाहिजे, नाहीं तर भांडण होईल. विम्यांत ज्याचा नंबर लागत नाहीं तो नशिबवान. दोन्हीकडे महिन्याचे पैसे जातात म्हणून त्या सारख्या दिसतात इतकेंच. पुढच्या पावसाळ्यांत तिचा नवरा परातीवरून घसरून पडला व त्याची मांडी मोडली. म्युनिसिपालिटीच्या रुग्णालयांत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तेथें डॉक्टरचे पैसे द्यावे लागले नाहींत. परंतु हाडांत घालावयाची सळई आणि कांहीं औषधें बाहेरून आणावीं लागलीं, आणि तीन महिने मजुरी नव्हती. भिशीचा तिचा नंबर आधींच लागून गेला होता. कानांतलें गहाण पडलें. मुलगा सातवींत होता. तो दिवाळीच्या सुटीनंतर शाळेंत आला नाहीं, एका गॅरेजांत लागला. विमा घेतला असता तर हें टळलें असतें का? सळईचे आणि औषधांचे पैसे बहुधा मिळाले असते. मजुरीचे मिळाले असते ते फार तर १५ दिवसांचे ७५० रुपये; तीन महिने त्यांवर निघाले नसते. तो मुलगा शाळेंत राहिला असता असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. कानांतलें बहुधा राहिलें असतें.

पुढें सरकारनेंहि धडा घेतला. २००८ सालच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेंत हप्ता सरकारनेंच भरावयाचा आणि कुटुंबानें नोंदणीचे केवळ ३० रुपये द्यावयाचे, असें ठरलें. महाराष्ट्रानें २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी योजना काढली, ती पहिल्या आठ जिल्ह्यांत. त्यांत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही होते. पिवळें किंवा केशरी शिधापत्रक दाखवावें, आणि ठरलेल्या रोगांसाठीं यादींतल्या रुग्णालयांत वर्षाला दीड लक्षापर्यंत उपचार घ्यावे. हप्ता कांहीं नाहीं. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव देण्यांत आलें. २०१८ सालीं केंद्राची पांच लक्षांची योजना आली, आणि २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रांतील योजना पांढऱ्या शिधापत्रकासह सर्वांना खुली झाली व तिची मर्यादाहि पांच लक्ष झाली. ७० वर्षांवरील वृद्धांना, मिळकत कितीहि असो, केंद्राच्या योजनेंत २०२४ च्या ऑक्टोबरांत घेण्यांत आलें. म्हणजे वर्गणीच्या वाटेनें निघालेली गाडी फिरून भोर समितीच्या, कराच्या वाटेवर आली; मात्र दवाखाना बांधण्याऐवजीं कार्ड देऊन.

तेव्हां, घ्यावा कीं न घ्यावा ह्या प्रश्नाचें रूप पालटलें आहे. जेथें हप्ता सरकार भरतें तेथें कार्ड न काढणें ह्यास मी आळस म्हणतों. दुसरें नांव मला सुचत नाहीं. जेथें मालक भरतो तेथेंहि तसेंच : २०१९ च्या जुलैपासून कामगाराचे शेंकडा ०.७५ आणि मालकाचे ३.२५, असे दर झाले. २०,००० रुपये पगाराच्या माणसास महिना १५० पडतात आणि मालकाचे ६५० त्यांत येऊन मिळतात. लॉइड जॉर्ज ह्यांच्या चार पेन्सांहून हा सौदा स्वस्त आहे. छोट्या कारखान्यांतील तरुण पोरें ‘साहेब, आमचे नांव घालूं नका, रोख द्या’ म्हणतात, तेव्हां हा हिशेब त्यांना कोणी मांडून दाखवीत नाहीं.

खरा विचार करावयाचा आहे तो पदरच्या हप्त्याचा, मधल्या थरांतल्या घरानें. येथें एक गोष्ट बोलून टाकतों. गरिबाला सवलत दिली म्हणजे तो ऐतखाऊ होतो असें आमच्या इमारतीच्या गच्चीवर फार बोललें जातें. परंतु जुन्या पद्धतीनें प्राप्तिकर भरणारा पगारदार आरोग्यविम्याच्या हप्त्यावर करांत सूट घेत आलाच आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा शेंकडा १८ कर उठला, तो मुख्यतः त्याच्याच सोयीचा. सवलत दोघांनाहि आहे.

अशा घरानें पहिला विचार रुग्णालयाचा करावा. सरकारी कार्ड यादींतल्या रुग्णालयांत आणि यादींतल्या उपचारांसच चालतें. आपल्या वस्तीजवळचें, आपल्या डॉक्टरचें रुग्णालय त्यांत आहे का, हें आधीं पाहावें. नसेल, आणि आपण तेथेंच जाणार हें ठाऊक असेल, तर त्या फरकापुरता खासगी विमा घेण्यांत अर्थ आहे. मधुमेह, रक्तदाब ह्यांच्या रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरची फी ह्यांतला खर्च बहुतेक योजनांत येत नाहीं. तो घरखर्चांतच धरावा आणि विम्याला त्याचा दोष देऊं नये. दुसरा विचार काळाचा. अगोदरपासून असलेल्या रोगासाठीं कंपनी फार तर तीन वर्षें थांबवूं शकते, असा २०२४ चा नियम आहे. पूर्वीं ती मुदत चार वर्षांची होती. म्हणजे पन्नाशीच्या घरांत रोग दिसल्यावर धांवणाऱ्यास तीं तीन वर्षें उघड्यावर काढावीं लागतात. अर्ज भरतांना रोग लपविणारे तर मागाहून भांडायलाहि उभे राहूं शकत नाहींत. आणि ज्या घरांत हा हप्ता भरण्यासाठीं मुलांची फी थकणार असेल, त्यानें तो भरूं नये. सरकारी कार्ड आणि म्युनिसिपालिटीचें रुग्णालय ह्यांवर राहावें आणि दोन-तीन महिन्यांची मजुरी निराळी सांठवावी. कारण तें छिद्र कोणताहि हप्ता पुरतें बुजवीत नाहीं.

फुले योजनेच्या प्रत्येक रुग्णालयांत आरोग्यमित्र नांवाचा माणूस बसतो. शिधापत्रक व आधारपत्रक ह्यांवरील नांवें जुळतात का, कुटुंबांतील नवी सून आणि नातवंडें चढलीं आहेत का, हें त्याला दाखवून घेतां येतें. आमच्या नाक्यावरच्या एका रिक्षावाल्यानें गेल्या उन्हाळ्यांत, घरीं सर्वजण ठणठणीत असतांना, अर्धा दिवस मोडून हें काम केलें. त्याच्या आईचें नांव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेंच निघालें. तें दुरुस्त होण्यास त्याला सात आठवडे लागले.